तीनवालं की चारवालं

मटाराच्या शेंगांचा वास आला की ती दुपार आठवते. दिल्लीच्या थंडीत गच्चीवर उन्हात मी आणि बायको मटार सोलत होतो, नात परदेशातली कॉलेजं समजावत होती. इंग्लंडात डिग्री तीन वर्षांत होते, पण विषय आधीच ठरवावा लागतो. अमेरिकेत चार वर्षं लागतात, विषय नंतर ठरवला तरी चालतो. तिला अमेरिका हवी होती. बायको म्हणाली, "तीनवालं घे गं. चार वर्षं मी कुठली टिकते." "आजी, यार, ब्लॅकमेल नको," म्हणत नात हसली आणि इंग्लंडला कबूल झाली. त्या रात्री बायको झोपली ती उठलीच नाही. मला रडू आलं नाही. सकाळी माणसं जमायच्या आत नातीला बाजूला घेऊन सांगितलं, "अमेरिकेलाच जा. मला काही घाई नाही."