गोळाभाताचं पीठ

आमच्या शेजारच्या रुख्माबाईइतकं बारीक वाटणारी बाई अख्ख्या तळेगावात नव्हती. हौस कसली आली त्यात! सत्त्याहत्तर साली तिच्या सासऱ्यांना, अण्णाजींना, लकवा मारला. तोंड वाकडं झालं, घास गिळणं जड झालं. तेव्हापासून तिनं भाकर दुधात कुस्करली, वरण घोटलं, भाजी पाट्यावर वाटली. एखादा कण राहिला की म्हातारा ठसकायचा, डोळे पांढरे करायचा. नवरा मधुकरराव वर्ध्याला कारकून. रविवारी यायचा आणि ‘बाबा बरे दिसतात’ म्हणून परत जायचा. बरे दिसणारच, ही बाई दिवसभर पाट्याशी बसलेली असायची.

दोन वर्षांनी हिवाळ्यात अण्णाजींनी गोळाभात मागितला. चण्याच्या डाळीचा जाडसर भरडा काढायचा, तिखट-मीठ-तेल घालून गोळे वळायचे आणि शिजत्या भातात वाफवायचे. भरडा म्हटला की कण आलेच. रुख्माबाई डाळ घेऊन रूपरावच्या गिरणीत गेली.

“दोनदा काढून द्या, भाऊ. मैद्यावानी पायजे.”

“गोळ्याले मैदा? काऊन वो?”

“मामाजीच्या गळ्यात कण अडकते.”

रूपरावनं गिरणीचे दगड आवळले.

गोळे देखणे झाले, गुळगुळीत. पण भरड्याच्या कणाकणांत वाफेला जागा असते, म्हणून गोळा फुलतो. बारीक पीठ पाणी पिऊन एकजीव होतं, शिजल्यावर चिकट आणि घट्ट बसतं. हे तिला कोण सांगणार? गावात असल्या पिठाचे गोळे कुणी केलेच नव्हते. तिनं बोटानं दाबून पाहिलं, कण लागला नाही. बिचारीला आनंद झाला.

“घ्या मामाजी, यात कणच नाई.”

अण्णाजी दोन घास खाऊन हसले. तिसरा टाळूला चिकटला आणि तसाच मागे सरकला. ठसका लागला असता तर तिनं पाठ चोळली असती, तिला ते सवयीचं होतं. ठसका लागलाच नाही. म्हातारा आवाज न करता गेला.

लोक म्हणाले, सोनं झालं, आवडीचं खाऊन गेले. मला त्या शब्दाची अजून चीड येते. माणूस ताटावर गुदमरला आणि म्हणे सोनं!

तेरवीला त्यांच्या आवडीचं करायचं म्हणून माझ्या आईनं, धुरपतानं, घरच्या जात्यावर भरडा काढला. गोळाभात झाला. कावळ्याचं पान वाढायला रुख्माबाईला बसवलं. फोडणीचं तेल घालायला तिनं पानावरचा गोळा बोटानं फोडला, तर त्याचा भुगा झाला. तिनं दुसरा फोडला, मग तिसरा. सगळे मऊ, भुसभुशीत.

“धुरपताबाई,” ती म्हणाली, “हा त्यायच्यानं गिळला गेला असता वो.”

सासऱ्याच्या आठवणीनं बोलते आहे, असं पंगतीतल्या बायांना वाटलं. त्यांनी तिला पाणी दिलं.