काजळीची घंटी

सौंसरच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायची आणि माझी एक मैत्रीण भौतिकशास्त्र. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. पांढुर्ण्याहून आम्ही दोघी एकाच बसनं जायचो. भोपाळच्या दुर्घटनेला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे कुठे उग्र वास आला तरी लोक घराबाहेर पळायचे. माझे यजमान पांढुर्ण्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायचे. बर्फ गोठवायला तिथे अमोनिया लागतो, आणि थंडाव्यात राहून त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं. गळती झाली तर यांना वासही यायचा नाही, ही काळजी एकदा बसमध्ये मीच तिच्याजवळ बोलून गेले.

पंधरा दिवसांत तिनं यंत्र केलं. काचेच्या पट्टीवर चिमणीची काजळी धरलेली, दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, टॉर्चचे सेल आणि घंटी. अमोनिया लागला की काजळीतून वीज कमी जायची आणि घंटी वाजायची. मीच बाटलीचं बूच काढून पाहिलं, खणखणीत वाजली. हेडमास्तरांनी पेढे वाटले. घरी यजमान चार दिवस तेच घोकत होते, "काय डोकं हाय वं त्या बाईचं!" बारा वर्षांच्या संसारात माझ्या डोक्याबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. मी जळले. याला दुसरा सभ्य शब्द माझ्याजवळ नाही.

मग एका दुपारी प्रयोगशाळेत मी चहाचं आधण ठेवलं आणि अमोनियाची बाटली कपाटात बंद असताना घंटी वाजली. आधणावर झाकण ठेवलं, थोड्या वेळानं थांबली. काढलं, पुन्हा वाजली. वाफेतली ओल आणि अमोनिया यांतला फरकच त्या काजळीला कळत नव्हता. तिनं सगळी तपासणी एप्रिलमध्ये केलेली, आणि आमच्याकडे एप्रिलात ओला टॉवेल बघता बघता वाळतो. बर्फाच्या कारखान्यात मात्र गोठलेले डबे पाण्यात बुडवून बर्फाच्या लाद्या सोडवतात, तिथली फरशी कधी सुकतच नाही. उपायही मला ठाऊक होता. हवा आत येते त्या नळीत कळीचा चुना भरायचा. चुना ओल शोषतो, अमोनियाला अडवत नाही. अकरावीच्या वर्गाला दरवर्षी हे मीच शिकवायची.

मी सांगितलं नाही. म्हटलं, होऊ दे जरा फजिती.

नारळ फोडून यंत्र कारखान्यात लागलं आणि पहिल्याच दिवसापासून उठल्याबसल्या वाजायला लागलं. आठवड्यातच यजमान कावले. "अवं, दिवसभर वाजून राहिलं ते. सारे हसून राहिले. सांग नं तुह्या मैत्रिणीले, काय बिघडलं त पाह्य म्हणा."

"सांगते," मी म्हटलं. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं. बसमध्ये तिनं विचारलं, "ताई, बरोबर चालून राहिलं नं?" मी म्हटलं, अगदी छान. पुढच्या आठवड्यात यजमानांनी कंटाळून घंटीची तार काढून ठेवली. तेही मी तिला सांगितलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी मशीनखोलीतल्या व्हॉल्व्हची पॅकिंग गेली आणि अमोनिया सुटला. नाकाला काही कळायच्या आत यजमानांचे डोळे आणि छाती पोळली. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं म्हणून वाचले.

ती बातमी कळताच दवाखान्यात धावत आली. तोवर कारखान्यातल्या माणसांनी तिला तार काढल्याचं आणि का काढली तेही सांगितलं होतं. सगळ्यांसमोर तिनं माझे पाय धरले. "ताई, माझंच चुकलं. मी नीट तपासलं नाही. माझं मन राखायला तुम्ही छान म्हणालात, अन् मी खरं धरून बसले. मला माफ करा." यजमानांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, बोलता येत नव्हतं. तिचा आवाज ऐकून त्यांनी तिकडे हात जोडले, आणि तेही मला खुपलं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.