जिन्याखालच्या चपला

"हात मले द्या, माय. पाय पट्टीवर ठेवा. खाली पाहू नका, माह्याकडं पाहा."

अकोल्यातला तो मॉल चालू असताना तुम्ही कधी तिथे गेला असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडले असेल. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पन्नाशीची एक बाई उजवा हात पुढे करून उभी असायची. निळी साडी, डोक्यावरून पदर, छातीवर मॉलचा बिल्ला. खेड्यांतून आलेल्या बाया पुरुष वॉचमनच्या हातात हात देत नाहीत, हे मॉलवाल्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आले होते. म्हणून ही नेमणूक. सगळा स्टाफ त्यांना आपा म्हणायचा. मीही म्हणू लागलो.

आपा रोज बाळापूरहून एसटीने यायच्या. नवरा सतरंज्या विणायचा. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तो खाटेवर होता. घर आपांच्या त्या एका हातावर चालले होते. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. वॉचमनने सांगितले.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात बाजाराच्या बातम्या लिहीत असे. कापूस विकला गेला की खेड्यांतली कुटुंबे लग्नाच्या, सणाच्या खरेदीला मॉलमध्ये यायची आणि मी त्या गर्दीची बातमी करायला जायचो. गर्दीपेक्षा आपांकडेच जास्त पाहत बसायचो.

जिना दिसला की बाया थबकायच्या आणि चपला काढायच्या. चकचकीत फरशी, थंडगार हवा, आपोआप वर जाणारी पायरी. अशा जागी पायताणासकट जायचे नाही, एवढे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. बाकीचा स्टाफ तोंड फिरवून हसायचा. आपा हसायच्या नाहीत. बाई पट्टीवर नीट उभी राहिली, की तिच्या चपला उचलून त्या बाजूच्या साध्या जिन्याने भराभर वर जायच्या. बाई वर पोचायच्या आत चपला तिच्यापुढे हजर. एका वेळी चार-पाच जोड. कोणाची कोणती, यात त्यांची कधी चूक झाली नाही.

"आपा, तुमी चपलाचं दुकानच टाका," वॉचमन म्हणायचा.

"टाकतो न. तुले बोहनीले पयला जोड देतो. डोक्यावर."

एकदा धोतर-टोपीतला एक म्हातारा बराच वेळ जिना निरखत उभा होता. "वर त नेते हे," तो म्हणाला. "खाली कोन आनते?"

"खाली आपल्याच पायानं या लागते, बुवा."

"म्हंजे आपल्या घरच्यासारखंच हाय," म्हातारा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

आपा स्वतः त्या जिन्याने कधी गेल्या नव्हत्या. "माही ड्यूटी खालची हाय," त्या म्हणायच्या.

मग बोंडअळीचे साल आले. त्याच्या पुढच्या साली सोयाबीन उभ्या उभ्या पावसात सडले. दिवाळीनंतर मॉलमध्ये जी गर्दी व्हायची ती झाली नाही. आधी वरचे खाण्याचे स्टॉल उठले, मग खेळण्यांचा विभाग, मग एकाआड एक दिवे बंद झाले. मॅनेजर पुण्याचा तरुण होता. त्याने स्टाफला गोळा करून सांगितले, "गिऱ्हाईक तुटलंय. मुंबईची माणसं आकडा बघतात. आकडा सुधारला नाही तर आधी जिना बंद करावा लागेल."

जिना बंद म्हणजे आपा घरी. ते त्यांना कोणी वेगळे समजावले नाही.

दारावर एक छोटा काळा डबा होता. आत येणारे प्रत्येक डोके तो मोजायचा. आकडा म्हणजे तोच, असे आपांनी धरले. दुसऱ्या दिवसापासून त्या जेवणाच्या सुट्टीत एसटी स्टँडवर जाऊ लागल्या. गाडीला वेळ असलेल्या बाया, दवाखान्यात आलेली म्हातारी माणसे, कोणीही. "चाला माय, थंड हवेत बसा घडीभर. आपोआप चालनारा जिना हाय. फुकट हाय." दारावरचा डबा या सगळ्यांनी दहा-पंधरा जणांच्या घोळक्याने ओलांडायचा. घोळका वर जायचा, कपडे बोटांनी चाचपायचा, आपल्या पायांनी खाली यायचा आणि गाडीला निघायचा. कोणी काही घ्यायचे नाही. घेण्यासारखे साल नव्हते.

आपांचा जेवणाचा डबा सुटायचाच नाही. तसाच बाळापूरला परत जायचा.

एका दुपारी त्यांनी मला अडवले. "भाऊ, तुमच्या पेपरात टाका न. जिना फुकट हाय म्हून. चार मानसं आखीन येतीन."

मी चार ओळींची चौकट लिहिली. ती छापून आली त्या आठवड्यात जिन्यापुढे रांग लागली. आपा चपला घेऊन दिवसभर वर-खाली करत होत्या. मला पाहून त्यांनी लांबूनच दारावरच्या डब्याकडे बोट दाखवले. इतक्या खुशीत मी त्यांना आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

उन्हाळ्यात मॉल बंद होत असल्याचे कळले. कारण विचारायला मी मॅनेजरकडे गेलो.

"तुमची ती चौकट मला खुलासा म्हणून मुंबईला पाठवावी लागली, सर," तो म्हणाला. "नुसती माणसं कोणी बघत नाही. आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, ते बघतात. आमच्याकडे येणारे दुपटीने वाढले आणि खरेदी होती तेवढीच राहिली. अशी शाखा यादीत वर जाते."

"कसल्या यादीत?"

"बंद करायच्या. बाकीच्या शाखांतही मंदी आहे. नुसती गर्दी वाढली नसती, तर कदाचित आणखी एक हंगाम आम्हाला मिळाला असता."

"आपांना हे सांगितलंत?"

"मला जमलं नाही. तुम्ही सांगा."

मी ते वहीत लिहून घेतले.

शेवटच्या दिवशी जिना थांबलेला होता. आपा नेहमीच्या जागी उभ्या होत्या. नावे पुकारली जात होती. वर ऑफिसात जाऊन सही करायची आणि कागद घ्यायचा.

"भाऊ, तुमाले त मालूम असंन," त्या म्हणाल्या. "कितीक मानसं कमी पडली?"

वही माझ्या खिशात होती.

"खूप," मी म्हणालो. "खूपच कमी पडली."

त्यांनी मान हलवली. खांदे जरा सैल झाल्यासारखे वाटले. "मंग माह्या एकटीच्यानं होनारच नोतं ते."

वरून त्यांचे नाव आले. साध्या जिन्याकडे वळता वळता त्या थांबल्या, परत आल्या. चपला काढल्या, पायथ्याशी जोडीने ठेवल्या आणि बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पहिल्यांदा पाऊल टाकले. रबरी कठडा घट्ट धरून, एकेक पायरी चढत, खाली न पाहता वर गेल्या.

सह्या झालेल्यांना वरूनच मागच्या जिन्याने, मागच्या दारातून सोडत होते. पुढचे शटर तोवर पडले होते. मी वळसा घालून मागे पोचलो तेव्हा आपा बाहेर येत होत्या.

"आपा, पायात?" वॉचमनने विचारले.

त्यांनी खाली पाहिले. "खालीच राहिल्या नं बाप्पा." वॉचमन दाराकडे वळला, पण ते पुन्हा लागले होते आणि किल्ली आता त्याच्याकडे नव्हती. "राहू दे. वर आनून देनारी मीच होतो."

मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ होती. भिंतीच्या कडेला वीतभर सावली होती. तेवढी धरून आपा स्टँडच्या दिशेने निघाल्या. गल्ली संपली तिथे सावलीही संपली. पुढे डांबर होते.