बटणांची चौकट

कपाट उपसताना बटणांची चौकट हाताला लागली. लाकडावर ठोकलेलं निळं कापड आणि पाच मोठी लाल बटणं. विशेष शिक्षणाचं बी.एड. करताना मीच बनवली होती. पनवेलच्या एका विशेष शाळेत, तेरा वर्षांच्या भारतीला मी दोन महिने हिच्यावरच बटणं लावायला शिकवलं. तिच्या बोटांना सुकटीचा वास यायचा. आज मी कापड नाकाशी नेलं, तर नुसती धूळ.

परीक्षेच्या दिवशी भारतीनं पाचही बटणं लावली आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिची आई उरणहून मासळी विकून आली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाय, फळीवरची लावते ती. अंगातली नाय लावत."

माझे सरावपाठ त्याच दिवशी संपले होते. म्हटलं, "पुढच्या वर्षीच्या मुली शिकवतील."

"गेल्या सालची पोरगीपन फळीच घेऊन आलेली," ती म्हणाली.

भारती आता तिशीत असेल. तिची बटणं कोण लावतं, ठाऊक नाही. मी त्याच कॉलेजात शिकवते. उद्या नव्या मुलींना चौकट कशी ठोकायची ते दाखवायचंय. नमुना हवा, म्हणून तर कपाट उघडलं.