लताताईचे दातेरी टायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि सांगताना—खरं सांगू?—अजूनही अंगात तोच कैफ चढतो. त्याचीच जास्त लाज वाटते.

लताताई आणि मी कुरुंद्याला एकाच शाळेत शिकवतो. ती माझ्याहून मोठी. दोघींनी हौसेनं माउंटन बाइक घेतल्या—इथं कुठला आलाय डोंगर! सगळं सपाट. डांबरी रस्ता, नाहीतर कालव्याकडेचा मुरूम, दोन्हीकडं हळद. आणि ताई कायम पुढं. मी आपली तिची पाठ बघत पेडल मारायची. रोज कुणाची तरी पाठच बघत राहिलं की माणसाचं काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?

टायर झिजले तेव्हा मी बसून सगळं वाचून काढलं. आमच्या रस्त्यांना मधे जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त कडांना दात असलेले टायर हवेत—डांबरावर पळतात, मुरमातही घसरत नाहीत. मी स्वतःसाठी तेच मागवले. ताई म्हणाली, "मला त्यातलं काही कळत न्हाई गं. तू सांगशील ते बराबर."

आणि मी—मी तिला जाड, उंच दातांचे सांगितले. चिखलातले. डांबरावर ते रस्त्याला धरून बसतात, दुप्पट जोर लावला तरी सायकल पळत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं.

"मंग तू काहून वेगळे घेतलेस?"

"माझं वजन कमी हाय ना, ताई."

किती सहज बोलून गेले!

रविवारी जवळा बाजारला निघालो. काय सांगू तुम्हाला! टायर नुसते गुणगुणत होते, वारा कानात शिरत होता, आणि पुढं—पुढं कुणाचीच पाठ नव्हती! मी मोठ्यानं ओरडलेच. शेतातल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

मी चहा सांगून बसले, तेव्हा कुठं ताई आली. घामानं डबडबलेली. "माझ्यातच दम न्हाई राहिला गं," म्हणाली. "वय झालं."

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हणाले, "चहा घ्या ताई, गरम हाय."

पुढं ती डॉक्टरकडं जाऊन छाती तपासून आली. सगळं ठीक निघालं. तरी सायकल ओसरीत उभी राहिली ती राहिलीच.

मागच्या आठवड्यात दारात आली. "एक चक्कर मारू दे तुझ्या सायकलवर. बघते, जमून राहिलं का."

एकाच चकरेत तिला कळलं असतं—दम तिच्यात होताच.

"ब्रेक गेलेत, ताई," मी म्हणाले.

ब्रेक ठणठणीत होते. ती "बरं" म्हणाली आणि चालत निघाली. ती वळणापार गेली तशी मी सायकल काढली आणि कालव्यापर्यंत सुसाट गेले.

मजा आली.