आईचं नाव कार्डावर

“अहो बाई, लग्न झालंय ना तुमचं? मग माहेर कशाला कंपनीच्या गळ्यात बांधताय?”

एचआरचे साहेब माइकवर बोलले आणि अख्खी शेड हसली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही पॅकिंगच्या बायका खाली सतरंजीवर. बायकाही हसल्या. ते मला जास्त लागलं.

मी विचारलं होतं एवढंच, “आईचं नाव ईएसआयच्या कार्डात घालता येतंय काय?” सभा त्याचसाठी होती. कामगारांना त्यांच्या सवलती समजावून सांगणार, असं फळ्यावर लिहिलं होतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं पळत होती. पगारातून ईएसआय कापतात आणि त्यावर घरच्या माणसांना दवाखाना फुकट मिळतो, एवढं आम्हाला माहीत होतं. घरची माणसं म्हणजे कोण, ते कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या शांताआक्कानं पदर ओढला. “बस गं. कशाला इज्जत घालवून घेतीस?”

मी बसले. साहेबांचं खरंच वाटलं मला. आमच्याकडं लेक नांदायला गेली की तिचं माहेर पंचमी-दिवाळीपुरतं. कार्ड काढताना क्लार्क नवरा विचारायचा, पोरं विचारायचा आणि पुढच्या बाईला बोलवायचा. आम्हीही आईचं नाव काढायचो नाही. लाज वाटायची.

माझा बाप गेलेला. भाऊ नाही. आई खानापूरकडचं घर बंद करून येळ्ळूरला माझ्याकडे आलेली, माझ्याच पगारावर. तिला काचबिंदू होता. बेळगावच्या डॉक्टरनं दिलेले थेंब परवडले तर आणायचे, नाहीतर राहिले. ती म्हणायची, “ऱ्हाऊ दे गं. मला काय आता सुया ओवायच्या हाईत?”

सभेनंतर काही महिन्यांतच तिचा उजवा डोळा गेला.

त्यानंतर एकदा खोक्याला पट्टी मारताना माझा हात कापला. ईएसआयच्या दवाखान्यात गेले. रांगेत पुढे एक बाई, गळ्यात मंगळसूत्र, एका म्हातारीला धरून उभी. मी विचारलं, “सासू काय?”

“न्हाय, आई. माझ्याच कार्डावर हाय.”

मी खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्याच पगारावर हाय न्हवं ती? मग घाला की नाव.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच होतं ते. मी भिंतीला टेकले. रडूसुद्धा आलं नाही. नुसता थकवा आला, अंगातलं सगळं कुणी काढून घेतल्यागत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांकडे गेले.

“नंतर बघू,” साहेब म्हणाले.

“नंतर बघता बघता एक डोळा गेला. दुसरा ऱ्हायलाय. नाव घातल्याबिगर मी हलत न्हाय.”

“आवाज खाली.”

मी केला नाही. सुट्टी संपली, भोंगा वाजला, मी तिथंच. शेवटी त्यांनी क्लार्कला बोलावलं आणि आईचं नाव घालायला सांगितलं. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. मी वाटही बघितली नाही.

आता डाव्या डोळ्याचे थेंब वेळेवर मिळतात. उजव्या बाजूची भाकरी आई अजून चाचपून घेते. मला ते बघवत नाही.

परवा हात धुताना शांताआक्का हळूच म्हणाली, “माझी आई बी माझ्याकडंच असती गं. तिला साखर हाय. घालतील काय तिचं?” मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, नळावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं.

“पुढारी झालात काय?”

“व्हय म्हणा,” मी म्हटलं.

पाय दुखतात. घरी गेल्यावर भाकऱ्या थापायच्या आहेतच. नोकरी जाईल ही भीती आहे, ती नाही असं कशाला सांगू? पण उद्या शांताआक्काला घेऊन मी ऑफिसात जाणार. मग दुसरीला घेऊन. साखरेनंही डोळे जातात म्हणे, पण शांताआक्काच्या आईचे दोन्ही डोळे अजून धड आहेत. ते मी जाऊ देणार नाही.