बेसिनवर बसणारा माणूस

आमच्या प्लंबरचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. वजन मात्र आमच्या अख्ख्या मस्तगड मोहल्ल्याला ठाऊक आहे. तो उतरला की त्याची फटफटी सुस्कारा सोडते.

गुडघे गेलेली माझी आई तोंड धुताना सगळा भार बेसिनवर टाकते. जुनं बेसिन तसंच निखळलं, आई थोडक्यात वाचली. म्हणून आता खाली खांब असलेलं घ्यायला या प्लंबरला दुकानात नेलं. दुकानदार चकाकीचं कौतुक करत होता आणि हा एकेका बेसिनवर बूड टेकवून डोळे मिटत होता.

"हे न्हाई. कुरकुरून राह्यलं."

दुकानदार देवाच्या फोटोकडे बघू लागला. शेवटी एक पसंत पडलं.

घरी यानं भिंतीतले बोल्ट आवळले, बेसिनवर ठाण मांडलं आणि तिथूनच चहा मागितला. भिंत शहारली, पण बेसिन जागचं हललं नाही.

"काकू, बिलकुल बराबर! या, धुवा तोंड."

आई दारातूनच कडाडली, "मेल्या, तू बसला तिथं मी तोंड धुऊ व्हय?"

आता रोज सकाळी तोंड धुताना आई त्या बेसिनला घट्ट धरून उभी राहते, आणि तिच्या पुढ्यात घमेलं धरून मी.